लगीनसराई संपल्यावर काय? कोल्हापुरातल्या लग्नाच्या व्हिडिओग्राफरला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीत माझा एका गाळ्याचा स्टुडिओ आहे. मे महिन्यात फोन घ्यायला सवड नसते आणि श्रावणात फोन बंद तर पडला नाही ना म्हणून बायकोच्या मोबाइलवरून मीच रिंग मारून बघतो. धंद्यात नवीन आलेली पोरं चहाला येतात, त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलं. दुसऱ्या गावात रीत वेगळी असेल, हे कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांपुरतं धरा.

नुसत्या लग्नांवर बारा महिने घर चालतं का?

नाही चालत. रिसॉर्टवरची मोठी लग्नं करणारे मोजके असतात, त्यांचं गणित वेगळं. आपण शिरोळच्या हॉलपासून गारगोटीच्या मांडवापर्यंत फिरणारी माणसं. आपलं घर लग्नावर चालत नाही, लग्नात ओळख झालेल्या घरांवर चालतं.

एक लग्न नीट केलंत की पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच घरात डोहाळेजेवण येतं, बारसं येतं, जावळ, पहिला वाढदिवस. मधेच धाकट्या दिराचा साखरपुडा. कधी नव्या बंगल्याची वास्तुशांत, कधी आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन. सासऱ्यांचं शिरोलीला मशीनशॉप निघतं आणि त्यांना बाहेरच्या गिऱ्हाइकाला पाठवायला दोन मिनिटांचा व्हिडिओ हवा असतो. हे सगळं काम कुणीतरी करतंच. प्रश्न एवढाच, की त्या दिवशी त्यांना तुमची आठवण होते का. तुमचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये 'लग्न शूटिंग' म्हणून सेव्ह असतो आणि लग्न झालं की तो कुणी उघडत नाही.

म्हणून मी वही ठेवलीय. साधी दोनशे पानी. एका ऑर्डरीला एक पान. लग्नाची तारीख, दोन्ही घरांची गावं, घरात लग्नाचं आणखी कोण आहे, वडिलांचा व्यवसाय काय, पैशाला कुणी दमवलं. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांच्याच फिल्ममधली तीस सेकंदं कापून व्हॉट्सॲपवर पाठवतो. फुलांचं चित्र आणि 'शुभेच्छा' नव्हे. पाठवणीच्या वेळी खांबाआड उभे राहून डोळे पुसणारे वडील, असलं काहीतरी. त्याला पैसे घेत नाही, अर्ध्या तासाचं काम असतं. माझी डोहाळेजेवणाची बहुतेक कामं त्या तीस सेकंदांच्या पोटी आली आहेत.

वर्षात धंद्याचे दिवस खरे किती?

पंचांग घेऊन स्वतः मोजा, डोळे उघडतात. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू, आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की बंद. मधल्या काळात पौष आहे, जुनी माणसं तेव्हा मंगलकार्य टाळतात. गुरू-शुक्राचा अस्त असला की तेवढे दिवस गेले. उरलेल्या तारखांतही प्रत्येकाला रविवार किंवा सुट्टीच हवी. त्यामुळं दाट तिथीला पाच जण एकच तारीख मागतात, त्यातल्या चौघांना नाही म्हणावं लागतं आणि पुढचा आठवडा रिकामा जातो. जास्त राबून तारखा वाढत नाहीत, ही या धंद्याची खरी अडचण.

२०२६ चं उदाहरण घ्या. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. सुट्ट्यांचा ऐन मोसम मधोमध कापला गेला. मग निज ज्येष्ठ आणि आषाढीपर्यंतचे, म्हणजे २५ जुलैपर्यंतचे मुहूर्त भर पावसात. ज्यांनी पंचांग हातात आल्याबरोबर हे बघितलं त्यांनी जूनच्या हप्त्याची सोय एप्रिलच्या पैशातून करायची ठरवली. बाकीच्यांना ते गिऱ्हाइकाच्या तोंडून कळतं.

चातुर्मासात काढीव मुहूर्तावर लग्नं होतात, पण थोडी. मुस्लिम समाजाची लग्नं चातुर्मासावर अडत नाहीत. तिथं रमजान, मोहरम बघावा लागतो आणि तो दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडं येतो. शहरात आणि इचलकरंजीत ही कामं बरीच असतात. ज्यांची ओळख एकाच समाजात आहे त्यांचा पावसाळा जास्त कोरडा जातो.

महिन्याला हातात किती पडतं, हिशेब कसा मांडायचा?

समजा वर्षाला ३० ऑर्डरी, सरासरी ४५,००० ची एक. झाले साडेतेरा लाख. पोरं इथंच थांबतात आणि गाडी बुक करतात. पुढं मांडा. दुसरा कॅमेरामन, ड्रोनवाला, मिक्सिंग (म्हणजे एडिटिंग), पेनड्राइव्ह, पेट्रोल मिळून ऑर्डरीमागं १८,००० गेले तर ५,४०,००० वजा. गाळ्याचं भाडं, लाइट बिल, इंटरनेट महिना १२,००० धरलं तर १,४४,०००. सहा लाखांचं सामान चार वर्षं टिकतं असं धरलं तर वर्षाला दीड लाख त्याची झीज. राहिले ५,१६,०००. भागिले बारा, ४३,०००.

त्रेचाळीस हा आकडा कोल्हापूरकराला पाठ असतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी तीच, ४३ फूट.

हे ४३,००० सुद्धा दर महिन्याला येत नाहीत, सहा-सात महिन्यांत गठ्ठ्यानं येतात. मी सीझनचे पैसे एका खात्यात घेतो आणि दर महिन्याच्या पाच तारखेला घरखर्चाच्या खात्यावर ठरावीक रक्कम टाकतो, नोकरदाराच्या पगारासारखी. मेमध्येही तेवढीच आणि सप्टेंबरमध्येही तेवढीच. माझ्या भिशीतले मित्र हसतात. हसू देत.

भाव किती सांगावा? लोक फार घासाघीस करतात.

करणारच. 'आमच्या पाहुण्यांनी जयसिंगपुरात निम्म्यात केलंय' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की तो जयसिंगपूरचा माणूस एकदा भेटावा अशी माझी इच्छा आहे.

भाव उतरवू नका, काम उतरवा. ड्रोन काढू, हळदीला एकच कॅमेरा ठेवू, अल्बमची पानं कमी करू, असं सांगा. गिऱ्हाइकाला पैसे कमी केल्याचं समाधान मिळतं आणि तुमचा दिवसाचा दर शाबूत राहतो. एकदा लग्नातल्या माणसांना कळलं की तुम्ही घासल्यावर निम्म्यावर येता, की त्या भावकीतली पुढची सगळी कामं निम्म्यानं. बेमोसमातल्या तारखेला सवलत द्यायला हरकत नाही, पण तसं कागदावर 'श्रावण सवलत' म्हणून स्वच्छ लिहा.

कोटेशन कागदावर द्या, मराठीत. किती कॅमेरे, किती तास, किती मिनिटांची फिल्म, किती रील, फिल्म कधी मिळणार. वधूपित्याला 'सिनेमॅटिक टीझर'चा अर्थ कळत नाही आणि विचारायला संकोच वाटतो. त्यांना 'तीन मिनिटांची छोटी फिल्म, गाण्यावर' असं सांगितलं की भाव पटतो.

विसार किती घ्यावा? बाकी कधी मागावी?

तारीख धरताना तीस टक्के, हळदीच्या दिवशी सकाळी पन्नास, फिल्म दाखवल्यावर आणि पेनड्राइव्ह हातात देण्याआधी वीस. मधला पन्नासचा हप्ता सोडू नका. लग्नाच्या घरात पैसे लग्नाआधीच असतात. वरात परतली की आचारी, मांडववाला, बँडवाला सगळे ओट्यावर बसलेले असतात आणि आपला नंबर शेवटचा.

सुरुवातीला मी भिडस्त होतो. एका ऑर्डरीचे वीस हजार तीन वर्षं अडकले, कारण मी एक रुपया येण्याआधी फिल्म देऊन बसलो. शेवटी त्यांच्या घरी बारसं निघालं तेव्हा मिळाले. बारशाची ऑर्डर मात्र दुसऱ्याला दिली होती!

एक ओळ कागदावर जरूर टाका: फिल्म दिल्यापासून सहा महिन्यांनी मूळ शूटिंग पुसलं जाईल. नाहीतर चार वर्षांनी फोन येतो, 'पेनड्राइव्ह हरवला, तुमच्याकडं असेलच की.'

जून ते ऑक्टोबर करायचं काय?

पहिलं म्हणजे उरलेलं मिक्सिंग. मेमधल्या लग्नाची फिल्म दिवाळीला देणारे आपल्यात कमी नाहीत आणि त्यांचे वीस टक्के तिथंच अडकलेले असतात. जून-जुलैत बसून सगळं संपवा. तो पैसा तुमचाच आहे, नुसता उचलायचा बाकी.

श्रावणात मंगळागौर, सत्यनारायण, डोहाळेजेवण. ही दोन-तीन तासांची कामं. एक माणूस, एक कॅमेरा, आठ-दहा मिनिटांची फिल्म दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. लवकर देण्यालाच इथं किंमत आहे.

गणपती म्हणजे तालमी आणि मंडळं. आगमनाची मिरवणूक, देखावा, विसर्जन. मंडळाच्या पोरांना व्हिडिओ त्याच रात्री हवा असतो, कारण शेजारच्या पेठेच्या मंडळाच्या आधी तो पडला पाहिजे. पैसे वर्गणीतून येतात, म्हणून मिरवणूक निघण्याआधी घ्या. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अध्यक्ष झोपलेले असतात आणि खजिनदार गावाला गेलेले. साउंडच्या भिंतीजवळ माइकचा आवाज फाटतो. माझ्या हेल्परनं एकदा कानात कापूस घातला नव्हता, तो आठवडाभर 'काय? काय?' करत होता.

नवरात्रात अंबाबाई, ललिता पंचमीची त्र्यंबोली यात्रा, दसरा चौकातलं सीमोल्लंघन. इथं मंदिराचं किंवा संयोजकांचं अधिकृत काम मिळालं तरच पैसा. बाहेर उभं राहून काढलेल्या चित्रणाला नुसते लाइक्स.

पण पावसाळ्याला खरा आधार देतं ते कारखान्याचं काम. त्यावर वेगळं लिहितो.

सीझनमध्येही भेगा असतात, त्या बुजवा. पौषात लग्नं नसतात आणि डिसेंबर-जानेवारीतच शाळांची स्नेहसंमेलनं असतात, जणू आपल्यासाठीच ठरवल्यासारखी. हातकणंगले, शिरोळ भागात जैन समाजाच्या पंचकल्याणक पूजा कित्येक दिवस चालतात, त्यांना रोजचं चित्रण आणि लाइव्ह लागतं. गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांची मैदानं भरतात. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम असतो. पाटाकडील किंवा दिलबहारची मॅच असली की स्टेडियमवर जेवढी गर्दी, तेवढीच मोबाइलवर बघणारी. लाइव्हचं सामान एकदा घेतलं की तेच लग्नात 'परदेशातल्या मुलासाठी लाइव्ह' म्हणून वेगळ्या भावानं विकता येतं. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवा. हॉलचं वायफाय अक्षतांच्या वेळी हमखास बसतं.

कारखान्याचं काम कसं मिळवायचं?

कोल्हापुरात फाउंड्री आणि मशीनशॉप किती आहेत हे शिरोली किंवा गोकुळ शिरगावला एक चक्कर मारली की कळतं. शिवाय कागल-हातकणंगलेची पंचतारांकित औद्योगिक वसाहत, हुपरीची चांदी, इचलकरंजीचे यंत्रमाग, गांधीनगरची कापडपेठ. यांच्यातल्या अनेकांना आजही मालकाच्या भाच्यानं मोबाइलवर काढलेला आडवातिडवा व्हिडिओ पुरतो. त्यांना सांगायचं एकच: बाहेरचं गिऱ्हाईक भट्टी बघायला इथवर येण्याआधी हा व्हिडिओ बघतं.

ओळख वहीतून काढा. मी पहिलं काम एका नवरीच्या काकांचं केलं. दीड मिनिटाचा नमुना फुकट काढून दिला, पुढची चार कामं त्यांच्या शब्दावर आली. फुकट फक्त पहिलंच, आणि तेही तुम्ही निवडलेलं.

लग्नापेक्षा हे काम वेगळं कुठं? इथं कुणी रडत नाही, म्हणून गाणं लावून भागत नाही. कच्चा माल आत येतो तिथपासून पॅकिंगपर्यंतची वाट समजून घ्यावी लागते. आधी एक दिवस कॅमेऱ्याशिवाय जा. भट्टी किती वाजता ओततात विचारा, कारण तो वितळलेल्या धातूचा रस ओतायचा क्षण चुकला तर पुढच्या हीटपर्यंत, म्हणजे भट्टीच्या पुढच्या खेपेपर्यंत, बसून राहावं लागतं. सेफ्टी शूज, हेल्मेट आपलं न्या, नायलॉनचा शर्ट घालू नका. शेडमधल्या दिव्यांखाली चित्र फडफडतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा. लग्नाच्या हॉललाही तेच.

पैसे उशिरा येतात, पण येतात. उद्यम नोंदणी करून ठेवा, ती मोफत असते. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानं तुमचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं बंधन खरेदीदारावर येतं. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की अकाउंट्समधला माणूस जरा सरळ बोलतो. कंपनी टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कर, कापते. तो बुडाला असं समजून रडत बसू नका, रिटर्न भरताना करात वळता होतो.

दुसऱ्यांचं मिक्सिंग घ्यावं का?

घ्या, पण बदल किती वेळा करून देणार ते आधी ठरवा. मी दोनदा म्हणतो. तिसऱ्या बदलाला पैसे सांगितले की बहुतेक जण आहे ते छान आहे म्हणतात. आपल्याकडं जुने लोक अजून एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर बसतात. नवीन असाल तर दा विंची रिझॉल्व्ह शिका, त्याची फुकट आवृत्तीही लग्नाच्या कामाला पुरून उरते. घरी बसून, पावसात न भिजता मिळणारा हा एवढाच पैसा. पाठ मात्र दुखते.

प्री-वेडिंगला पन्हाळा, रंकाळा चालतो का?

रंकाळ्यावर पहाटे जा, सातनंतर फिरायला येणारी मंडळी फ्रेममध्ये येऊन सल्ले देतात. पन्हाळ्याचं जपून. तिथल्या वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्यातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळाही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. कॅमेरा, रिफ्लेक्टर घेऊन व्यावसायिक शूटिंग करायचं तर परवानगी घ्या. परवानगी असली तरी तटावर चढून चुंबनदृश्यं काढू नका. गडावरची पोरं येऊन बंद पाडतील आणि मी त्यांच्याच बाजूनं बोलेन. पावसाळ्यात मसाईचं पठार आणि गगनबावड्याची वाट सुंदर असते. राधानगरी अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय शिरू नका.

ड्रोन घ्यावा का?

भाड्यानं लावा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर रिमोट पायलटचं सर्टिफिकेट लागतं, ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो, आणि हिरव्या क्षेत्रातही परवानगीशिवाय १२० मीटरच्या वर जाता येत नाही. परदेशी तयार ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, म्हणून 'दुबईहून आणलाय' म्हणणाऱ्याकडून विकत घेऊ नका. उजळाईवाडी विमानतळाच्या बाजूला हॉल असेल तर आधी हवाई क्षेत्राचा नकाशा बघा. हे सगळं सांभाळणारा एक माणूस ओळखीत ठेवा, दर लग्नाला त्याचे पैसे द्या आणि रात्री शांत झोपा.

फिल्मला सिनेमाची गाणी लावली तर चालतात का?

लग्नाच्या हॉलमध्ये गाणी वाजवायला रॉयल्टी लागत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये ती सूट आहे आणि जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तसं पुन्हा स्पष्टही केलं. पण लोक त्याचा भलताच अर्थ लावतात. ही सूट समारंभात गाणं वाजवण्याला आहे. तेच गाणं फिल्मला लावून तुमच्या चॅनेलवर टाकलंत की ती सूट संपली. व्हिडिओचा आवाज बंद होतो, नाहीतर जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडं जातात. चॅनेलवर टाकायच्या फिल्मला परवान्याचं संगीत विकत घ्या. किंवा सनई-चौघडा, जात्यावरच्या ओव्या, घाणा भरताना बायका म्हणतात ती गाणी तिथंच चांगल्या माइकवर रेकॉर्ड करा. माझ्या ज्या फिल्मवर सगळ्यात जास्त फोन आले तिच्यात एकही सिनेगीत नव्हतं, नवरीच्या आजीची ओवी होती.

फिल्म कुणाच्या मालकीची? मी नमुना म्हणून दाखवू शकतो का?

वेगळा करार नसेल तर पैसे देऊन करून घेणाऱ्याची, कायदा असाच आहे. म्हणून विसाराच्या कागदावर 'जाहिरातीसाठी काही भाग वापरायला संमती' अशी ओळ टाकून सही घ्या. कुणी नको म्हटलं तर नको. मुलीच्या घरच्यांनी हळदीचा व्हिडिओ काढून टाकायला सांगितला तर त्याच मिनिटाला काढा.

कर्ज काढून कॅमेरा घ्यावा का?

पहिली दोन वर्षं दुसऱ्यांकडं रोजावर जा आणि भाड्याच्या कॅमेऱ्यावर काम करा. मग घ्यायचाच तर बॉडी जुनी चालेल, लेन्स चांगली घ्या, दोन कार्डांवर एकदम रेकॉर्ड होणारा कॅमेरा घ्या आणि माइकवर पैसे वाचवू नका. मंगलाष्टका ऐकू आल्या नाहीत तर फोर-केचं काय लोणचं घालायचं? कर्जच लागलं तर मुद्रा योजनेत शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत आणि तरुण १० लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं. हप्ता मात्र ऑगस्टच्या कमाईवर बेता, मेच्या नव्हे.

शूटिंगचा डेटा किती आणि कसा सांभाळायचा?

सेकंदाला १०० मेगाबिटनं फोर-के काढलं की तासाला ४५ जीबी होतं. दोन कॅमेरे, सहा-सहा तास, म्हणजे ५४० जीबी. घरी आल्यावर कपडे बदलायच्या आधी दोन हार्ड डिस्कवर उतरवा. एक स्टुडिओत, एक घरी. पेनड्राइव्ह दिल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

आपल्याला आणखी एक भीती आहे, ती पुण्याच्या यूट्यूबवाल्यांना सुचत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही महापुरांत व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीच्या बाजूला तळमजल्यांत पाणी शिरलं. एका मित्राच्या स्टुडिओत तेव्हा चौदा लग्नं एकाच कपाटात होती, खालच्या कप्प्यात. पुढं वर्षभर तो लोकांच्या दारात माफी मागत फिरत होता. बंधाऱ्यावर ३९ फुटांचा इशारा आला की डिस्क उचलून उंचावरच्या घरी न्यायच्या, ४३ ची वाट बघायची नाही. तळमजल्याचा गाळा स्वस्तात मिळत असेल तर शेजाऱ्याला भिंतीवरची पाण्याची खूण दाखवायला सांगा.

जीएसटी, शॉप ॲक्ट वगैरे?

सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, निपाणी-बेळगावला जाऊन काम केलं तरी. ओलांडली की १८ टक्के. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर शॉप ॲक्टला नुसती ऑनलाइन सूचना पुरते. बाकी सीएला विचारा, त्याच्या मुलीचं लग्न तुम्हीच केलेलं असेल तर उत्तम.

मोबाइलवर रील काढणाऱ्या पोरांमुळं धंदा संपेल का?

माझा नाही संपला. मीच एक पोरगी त्या कामाला ठेवलीय. दुपारी अक्षता पडतात, चारला रील नवरीच्या मोबाइलवर. त्याचे वेगळे पैसे लावतो.

मुलींना या कामात वाव आहे?

भरपूर, आणि अजून गर्दी नाही. नवरीच्या खोलीत, मंगळागौरीत, डोहाळेजेवणात पुरुष कॅमेरामन आला की बायका पदर सावरतात आणि गप्पा थांबतात. माझी ती रीलवाली पोरगी आत गेली की जे चित्रण मिळतं ते मला पंधरा वर्षांत मिळालं नाही. पावसाळ्यातली घरगुती कामं तर आता लोक तिच्याच नावानं मागतात. रात्रीच्या वरातीनंतर घरी सोडायची जबाबदारी मात्र ऑर्डर घेणाऱ्याची.

कोल्हापुरात राहून पुढं जाता येतं का, की पुणे-मुंबई गाठावी?

हा प्रश्न या गावात जुना आहे. बाबूराव पेंटरांनी इथं कॅमेरा घडवला, १९२९ मध्ये प्रभात इथंच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. ज्यांना सिनेमाच करायचा आहे त्यांनी जावं. पण मोरेवाडीच्या चित्रनगरीत मालिकेचं काम लागतं तेव्हा लाइट, कॅमेरा असिस्टंट म्हणून इथली पोरं लागतात. पावसाळ्यात महिनाभर तिथं काढलेला मुलगा लग्नात वेगळीच फ्रेम लावतो. पुण्यात भाडं भरून मिळणारा पैसा आणि इथं घरच्या भाकरीवर मिळणारा पैसा शेजारी मांडून बघा.

नातेवाईक फुकट करून मागतात, काय करावं?

सख्ख्यांचं फुकट करा, पण कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्या आणि त्याचे पैसे तुम्ही भरा. सख्ख्या बहिणीच्या लग्नात मी स्वतः शूट केलं. त्या फिल्ममध्ये सगळे आहेत, मीच नाही.

लग्नाच्या दिवशी जेवायचं कधी?

अक्षता पडल्या की सगळा हॉल पंगतीकडं धावतो आणि स्टेजवर भटजी, नवरा-नवरी आणि आपण एवढेच उरतो. कन्यादान, सप्तपदी, कानपिळी सगळं त्या वेळेत. म्हणून एकानं अक्षतांच्या आधी आचाऱ्याला गाठून जेवून घ्यायचं, दुसऱ्यानं सप्तपदीनंतर. आचाऱ्याशी सकाळीच दोन शब्द बोलून ठेवा. त्याला गरम जिलेबी तळतानाचा एक शॉट काढून दाखवला की तो तुमचं ताट बाजूला झाकून ठेवतो.